टेस्ट ड्राइव्ह आणि तीन पॅसेंजर

नाशिक
४ नोव्हेंबर २०२५

तेजल,

जय भीम. शाळेच्या पत्त्यावर आईचं पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. माझं व्हॉट्सॲप तुझ्या अश्विनदादाच्या लॅपटॉपवर उघडतं. त्यानेच जोडून दिलंय, माझ्या सोयीसाठी म्हणे. फोन करावा तर रेंज फक्त हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये तो. निफाडला तुझ्याकडे यावं तर तुझ्या सासूबाई समोरून हलत नाहीत. चांगल्या आहेत त्या, पण लेकीशी एकटीने दोन शब्द बोलायची सोय नाही. म्हणून हे पाकीट.

विषय अश्विनच्या गाडीचा. ती शेवटी आली. पाच वर्षं नुसतं येणार, येणार चाललं होतं. काळीपांढरी नक्षी चिकटवून, तोंड झाकून कुठल्या कुठल्या डोंगरात तिची चाचणी चालायची आणि हा बँकेतून आल्यावर त्याचे व्हिडिओ बघत बसायचा. रस्ता नसेल तिथेही जाते, गुडघाभर पाण्यातून निघते, चारही चाकं ओढतात. नाव लिहीत नाही, दिवसातून वीसदा ऐकून माझे कान किटलेत. आता ती शोरूमला उभी आहे आणि रविवारी सोळा तारखेला त्याला टेस्ट ड्राइव्हला बोलावलंय.

मी म्हटलं, मी पण चालवून बघते. तर हसला. म्हणाला, "आई, तू मागे बस. एसी लावून देतो."

तेजल, मी पंधरा वर्षं घोटी ते वैतरणा काळी-पिवळी जीप चालवली. तुझे पप्पा गेले तेव्हा स्टँडवरचे सगळे म्हणत होते, सुलाबाई, जीप विका. नाही विकली. आणि आज मला एसी लावून देतात.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. माझ्या लायसन्सची मुदत जानेवारीत संपते. डॉक्टरचा दाखला जोडून फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आणि त्याचा ओटीपी अश्विनच्या मोबाइलवर जातो. तो म्हणतो, कशाला आता, संपू दे. मला हे होऊ द्यायचं नाही. मला परत गाडी चालवायची आहे, एवढं एकच मागणं आहे. तू त्याला सांग. तुझं ऐकतो तो.

नाही ऐकलं तर मी माझं बघेन.

तुझी आई


निफाड
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

जय भीम. तुझं पत्र शिपाईमामांनी भर तासात आणून दिलं. अख्खा सातवीचा वर्ग बघत होता. मुली विचारायला लागल्या, बाई, अजून पत्र येतं का कोणाला?

आई, रागावू नकोस, पण दादाचं काय चुकलं ते मला कळलं नाही. तुझे गुडघे किती दुखायचे आठवतं ना? दोन हजार अठराला तू स्वतःच जीप सोडलीस. म्हणालीस, आता क्लच दाबवत नाही. त्यानंतर सात वर्षं तू स्टीअरिंगला हात लावला नाहीस. तुझी जीप साधी होती, या गाडीत बटणंच पन्नास. एखाद्या चढावर पाय अडखळला म्हणजे? रविवारी त्याच्यासोबत जा, मागे ऐटीत बस, फोटो काढ, मला पाठव.

लायसन्सचं मी बोलते त्याच्याशी, पण घाई कशाला? आणि माझं एक ऐक, एकटी जाऊन काहीतरी करून बसू नकोस. तुला मी ओळखते.

इकडे सगळं बरं. द्राक्षाच्या छाटण्या झाल्या, संतोष शाळा सुटली की बागेत असतात. सासूबाई तुझी आठवण काढतात. तुझ्या हातची झणझणीत आमटी त्यांना फार आवडली होती.

तुझी
तेजल


नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार

तेजल,

तू ओळखतेस ते बरं आहे. मी काल एकटीच गेले होते.

आधी गुडघ्यांचं सांगते. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते. दोन हजार अठराच्या मार्चमध्ये अश्विन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, मी बँकेत लागलोय, आता तू जीप चालवणं बरं दिसत नाही. मला लाज वाटते." त्याने गिऱ्हाईक आणलं, मी चावी दिली. लोकांना काय सांगायचं म्हणून गुडघे पुढे केले. तुलाही तेच सांगितलं. सात वर्षं त्याच्या हातचं खाते आणि सात वर्षं मनात अढी आहे. आज लिहून टाकलं, मोकळं वाटलं.

आता गाडी. अश्विन बँकेत गेला, सूनबाई शाळेत गेली, मी रिक्षाने शोरूमला गेले. पर्समध्ये लायसन्स, आणि त्याच्या फाइलमधून उतरवून घेतलेला बुकिंगचा नंबर. पूजा नावाची मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची. नंबर बघून म्हणाली, "काकू, सर येतायत का मागून?" मी म्हटलं, "सर बँकेत आहेत. मॅडम आल्यात." लायसन्स दिलं. तिने उलटसुलट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चावी आणली. मला ती तिथेच आवडली.

गाडी उंच आहे. पायरीवर पाय ठेवून, दांडीला धरून चढले, आणि बसल्याबरोबर समोरचा सगळा रस्ता खाली दिसला. क्लच इतका हलका की मला वाटलं तुटलाय. स्टीअरिंग एका बोटाने फिरतं. काचा बंद असताना इंजिन सुरू झालं की नाही ते कळायला काट्याकडे बघावं लागलं. हॉर्न मात्र अगदी रडका, स्टँडवर या हॉर्नला बकरीसुद्धा हलली नसती. बॉनेट रुंद आहे, डाव्या चाकापुढचं दिसत नाही, त्यासाठी कॅमेरा दिलाय. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होते तर पूजा म्हणे, "काकू, स्क्रीनवर बघा." स्क्रीनवरचं मला खरं वाटत नाही. खड्ड्याचा अंदाज डोकं बाहेर काढूनच येतो.

महिरावणीच्या पुढे डोंगराकडे एक खडीचा रस्ता गेलाय, पुढे ओहळ आहे. शोरूमवाले तिथेच नेतात. वाटेत पूजा हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही अशा कडेला का बसलात?" तेव्हा मला कळलं. मी सीटच्या उजव्या टोकाला अर्धी दाराला टेकून बसले होते, कोपर बाहेर, आणि डावीकडे एका माणसाची जागा मोकळी. काळी-पिवळीत पुढे चौघं बसायची, ड्रायव्हर कायम दाराच्या कडेवर. सात वर्षं झाली, पण अंगाला ते अजून माहीत आहे. मधे सरकून बसले तर गाडी वाकडी चालल्यासारखी वाटायला लागली, म्हणून परत कडेला गेले.

ओहळात पाणी पोटरीइतकं आणि खाली नारळाएवढे गोटे. पूजाने चारही चाकांची छोटी दांडी कशी टाकायची ते सांगितलं. पहिला गिअर टाकला, रेस सोडून दिली आणि गाडीला तिच्या चालीने जाऊ दिलं. म्हैस पाण्यात उतरताना एकेक पाय चाचपून टाकते ना, तशी उतरली. पलीकडचा चढ उभा होता, माझी जुनी जीप तिथे ओरडली असती. ही बोललीसुद्धा नाही. वर गेल्यावर मी गाडी थांबवली. पूजाला वाटलं माझं काही दुखतंय. दुखत नव्हतं गं. सात वर्षांनी चढ चढले होते, दोन मिनिटं मला बसायचं होतं.

चूक झाली ती परत येताना. वाडीच्या वळणावर दोन बायका आणि एक म्हातारबाबा उभे होते. त्यांनी हात केला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी विचार केलाच नाही. मान बाहेर काढली आणि तोंडातून निघालं, "चला लवकर, जागा आहे."

बसले की ते. पूजा नुसती बघत राहिली. बाबांची काठी तिच्या मांडीवर, बायकांच्या गोण्या मागच्या कोऱ्या सीटवर. पट्टे लावले नाहीत म्हणून गाडी टुंग टुंग ओरडायला लागली. त्यातल्या चांगुणा नावाच्या बाईने विचारलं, "बाई, लय येळ उभं होतो. तरंबकला जाती का?"

"फाट्यापर्यंतच."

"रोज येनार का ही गाडी? किती वाजता?"

मी म्हटलं, "अजून परमिट नाही मिळालं."

मी पूजाला सवयीने म्हणाले, "सरक गं जरा इकडे, बाबांना पुढे घेऊ." तर मधे मोठा डबा आहे, सरकायला जागाच नाही. एवढी धिप्पाड गाडी आणि माणसं पाच. हे त्या कंपनीवाल्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

फाट्यावर उतरवलं. बाई कनवटीला हात घालायला लागली, मी नको म्हटलं. आणि तेवढ्यात पूजाचा फोन वाजला. गाडी कुठे थांबली ते मॅनेजरला ऑफिसात बसून दिसतं म्हणे. परत गेलो तर सीटवर माती, मॅनेजर लालबुंद. पूजाला बोलायला लागला. मी मधे पडले, कागद मागितला आणि लिहून दिलं, माणसं मी बसवली, हिचा यात दोष नाही, खाली सही, सुलाबाई, काळी-पिवळी ड्रायव्हर, निवृत्त. मग 'निवृत्त' खोडलं.

मॅनेजरने अश्विनला आज फोन केलाय. सूनबाईने दुपारी मला गुपचूप सांगितलं. तो सहाला येईल. मी चहाचं आधण ठेवणार आहे आणि मनातलं सगळं आज बोलणार आहे. माफी मागणार नाही.

आई


निफाड
२७ नोव्हेंबर २०२५

आई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

दादाचा त्याच रात्री मला फोन आला होता. तू त्याला म्हणालीस, "माझी जीप विकून इभ्रत कमावलीस, आता ही गाडी दारात लावून आणखी कमव." मला फक्त एवढंच म्हणाला, "तेजू, मी बुकिंग रद्द करतो. त्या गाडीकडे बघवत नाही." मी विचारलं, तू आईला खरं का सांगत नाहीस? तर फोन ठेवला.

आई, लाज दादाला वाटत नव्हती. मला वाटत होती.

माझं बी.एड. चालू होतं. संतोषच्या घरी लग्नासाठी माझं नाव निघालं होतं. त्यांच्या बहिणीला, पल्लवीताईंना, घेऊन मी इगतपुरीहून घोटीला आले होते. तू स्टँडवर जीपच्या पायरीवर उभी राहून पॅसेंजरना हाका मारत होतीस. मला बघून तू ओरडलीस, "तेजू, ये, पुढे बस, जागा ठेवलीय." पल्लवीताई म्हणाल्या, "ही बाई तुला हाक मारतेय का?" मी नाही म्हटलं. आणि त्यांना घेऊन समोरच्या एसटीत चढले. पुढे लग्नात त्यांनी तुला ओळखलं नाही.

त्या रात्री मी दादाजवळ रडले. म्हटलं, ती माणसं शिक्षकांच्या घरातली आहेत, आईला हे बंद करायला सांग, पण माझं नाव घेऊ नको. त्याने घेतलं नाही. सात वर्षं घेतलं नाही.

आणखी एक आहे. इकडे मी सांगितलंय की आपल्या गाड्या होत्या, त्यावर ड्रायव्हर ठेवलेले होते, आणि आई घरून बघायची. सासूबाई अजून तेच समजतात. तू निफाडला येतेस तेव्हा मी त्यांना तुझ्यासमोरून हलू देत नाही असं नाही, त्याच हलत नाहीत. पण मी दर वेळी तिथेच दारात उभी असते, तू गाडीचा विषय काढशील या भीतीने.

तू काय म्हणशील ते म्हण. मला मार. पण दादावर रागावू नकोस.

तेजल


निफाड
२२ डिसेंबर २०२५

आई,

महिना होत आला. फोनवर तू फक्त भाजी काय केली विचारतेस आणि सूनबाईकडे देतेस. पत्र मिळालं की नाही तेवढं तरी कळव. लायसन्सचं काय झालं? दादा काही सांगत नाही.

तेजल


नाशिक
१७ फेब्रुवारी २०२६

तेजल,

पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायला मला अडीच महिने लागले, कारण आधी माझ्या हातात काहीतरी असायला पाहिजे होतं. आता आहे.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी अश्विन पोळी खात होता, त्याला विचारलं. त्याने विचारलं, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "जिने सांगायला पाहिजे होतं तिने." त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "आई, माझ्यावर रागावलीस तरी तू माझ्याच घरात राहणार होतीस. तिच्यावर रागावली असतीस तर तिला माहेर राहिलं नसतं." तेजल, मी त्या पोराला सात वर्षं घालूनपाडून बोलले. चहा साखर कमी टाकून दिला, मुद्दाम. त्या रात्री मी त्याच्या डोक्याला तेल लावून दिलं, चौतिशीच्या घोड्याला.

दुसऱ्या दिवशी त्याने फॉर्म भरला. ओटीपी आला तो त्याने मोठ्याने वाचून दाखवला आणि मलाच टाइप करायला लावला. डॉक्टरने डोळे तपासले, चष्म्याचा नंबर बदलला, दाखला दिला. लायसन्स पोस्टाने घरी आलंय. दोन हजार एकतीसपर्यंत आहे.

बुकिंग त्याने रद्द केलं नाही, मी करू दिलं नाही. गाडी परवा मिळाली. पूजाच होती, तिची नोकरी शाबूत आहे. हार घातला, पुठ्ठ्याची मोठी चावी घेऊन फोटो काढायला लावले. खरी चावी तिने अश्विनपुढे धरली. त्याने घेतली नाही, गाडीला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला आणि पट्टा लावला. शोरूमपासून घरापर्यंत मी चालवली. कडेला बसूनच. तो एकदासुद्धा म्हणाला नाही की मधे सरक.

आता तुझं. स्टँडवर तुला माझी हाक ऐकू गेली होती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पंधरा वर्षं हाका मारल्या, कोणाला ऐकू गेली आणि कोण न ऐकल्यासारखं करतंय एवढं मला कळत नाही का? तेव्हा मी मनाला लावून घेतलं नाही. वय तसं असतं म्हटलं, आणि पुढची फेरी भरली. जिच्या हाकेची लाज वाटली तिच्याच त्या फेऱ्यांवर तुझं बी.एड. झालं, एवढं फक्त लिहून ठेवते.

पण भावाला सात वर्षं माझ्या शिव्या खायला लावल्यास, ते मी सोडणार नाही. आणि तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "ताई, हल्ली चांगले ड्रायव्हर मिळतात का हो?" मला वाटलं त्यांना ड्रायव्हर पाहिजे. मी भोळेपणाने घोटीच्या गोरक्षचा नंबर दिला. आता समजलं ते मला काय समजत होते. मी ठेवलेला ड्रायव्हर कोणी नव्हता, तेजल. मीच होते.

माफ केलं असं मी लिहिणार नाही, ते कागदावर करायचं काम नाही. रविवारी सकाळी अकराला मी निफाडला येते. एकटी, गाडी घेऊन. तुझ्या दारात लावीन, पण उतरणार नाही. इंजिन चालू ठेवीन. तू सासूबाईंना, संतोषरावांना आणि पल्लवीताई आल्या असतील तर त्यांनाही बाहेर घेऊन ये. माझ्या खिडकीजवळ उभी राहा आणि त्यांना सांग की ही माझी आई, ही काळी-पिवळी चालवायची, आणि घोटीच्या स्टँडवर ती मलाच हाक मारत होती. मोठ्याने सांग, डिझेलची गाडी आहे, हळू बोललेलं ऐकू यायचं नाही.

मला ऐकू आलं की मी इंजिन बंद करून खाली उतरेन आणि तुझ्या सासूबाईंसाठी आमटी करीन. नाही आलं, तर तुझ्या दारात गाडी वळवायला जागा पुरेशी आहे, मी मागच्या वेळी बघून ठेवली आहे.

आई